थॉमस संकारा आणि बुर्किना फासो: आपल्या सीमाभागातनं वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या वडगावात आमच्या वाचन मंडळात मी संकारावर तासभर बोललो, आणि तेव्हापासनं कोण ना कोण गाठून विचारायलेत, कुणी बाजारात, कुणी सीबीटी बसस्टँडवर बस धरायच्या गडबडीत, एकानं तर लग्नाच्या पंगतीत जिलबी हातात धरून. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. मी काय प्राध्यापक नाही, घरी दोन लूम आहेत आणि वाचायचा नाद आहे, एवढंच. प्रश्न जसे आठवले तसे घेतलेत.

हा संकारा कोण? आणि बेळगावात बसून आम्ही त्याचं कशाला वाचायचं?

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचा राष्ट्राध्यक्ष. लष्करात कॅप्टन. 4 ऑगस्ट 1983 ला सत्तेवर आला तेव्हा वय 33, आणि 15 ऑक्टोबर 1987 ला गोळ्या घालून मारला तेव्हा 37. म्हणजे सगळा कारभार चार वर्षं दोन महिन्यांचा, आपल्याकडं तेवढ्यात एक उड्डाणपूल होत नाही.

कशाला वाचायचं म्हणाल तर गावाची-देशाची नावं बदलणं, सीमेवरच्या खेड्यांची शिरगणती, दोन सरकारांची कोर्टातली केस आणि हातमागाचं कापड, ह्यातलं एक तरी आपल्याला परकं आहे का सांगा.

तो देश नक्की कुठं? समुद्र आहे का?

समुद्र नाही. वर माली, उजवीकडं नायजर, खाली बेनिन, टोगो, घाना आणि आयव्हरी कोस्ट, असे सहा शेजारी. कोरडा मुलूख, ज्वारी-बाजरी खाणारी माणसं, ज्वारीच्या पिठाचं घट्ट घाटं करून भाजीच्या रस्सासंगं खातात, त्याला ते 'तो' म्हणतात. अथणीकडच्या माणसाला तिथं उपाशी राहायची पाळी येणार नाही.

इतिहास मात्र नीट ऐका, पुढं लागणार आहे. फ्रेंचांनी 1919 ला ही वसाहत वेगळी काढली, नाव अप्पर व्होल्टा. 1932 ला सगळी मोडून आजूबाजूच्या तीन वसाहतींत वाटून टाकली. 1947 ला परत जोडली. 1960 ला स्वातंत्र्य. म्हणजे एखादा म्हातारा तिथं जागेवरनं न हलता तीन-चार वेळा 'दुसरीकडचा' झाला असणार. आपल्याकडं 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यात झोपलेली माणसं म्हैसूर राज्यात उठली, तसंच ते, फक्त जास्त वेळा.

घरचं कसं होतं त्याचं?

बेताचं पण अगदी हलाखीचं नाही. जन्म याको गावचा, 21 डिसेंबर 1949. वडील आधी फ्रेंचांच्या सैन्यात, नंतर पोलिसासारख्या नोकरीत, त्यामुळं बदल्या. आईवडिलांना वाटायचं पोरानं पाद्री व्हावं, पोरगं गेलं लष्करी शाळेत. पुढं अधिकारी व्हायचं ट्रेनिंग मादागास्करला, आणि तिथं 1972 साली विद्यार्थी-कामगारांनी रस्त्यावर उतरून सरकार पाडलं ते त्यानं डोळ्यांनी बघितलं. बाकी गिटार वाजवायचा, बँडमध्ये होता, सायकलवर फिरायचा.

निवडून आला होता का?

नाही. हा प्रश्न टाळून पुढं जायचं नाही, कारण त्याचे भक्त नेमकं हेच गाळतात. त्या देशात 1966, 1980, 1982 अशी लष्करानं सत्ता घेतलेली, 1983 चं त्यातलंच पुढचं. 1981 मध्ये तो माहिती खात्याचा मंत्री होता, कॅबिनेटच्या मीटिंगला सायकलवरनं गेला, आणि सरकार वर्तमानपत्रांचं तोंड दाबायलंय म्हणून 1982 ला राजीनामा फेकला. पुढच्या सरकारात जानेवारी 1983 ला पंतप्रधान, मेमध्ये अटक. मग त्याचा जिवलग दोस्त ब्लेझ काँपाओरे पो गावच्या छावणीतनं कमांडो घेऊन राजधानी वागाडुगूत घुसला आणि संकाराला गादीवर बसवलं. हे काँपाओरे नाव लक्षात ठेवा.

समाजवादी म्हणजे नेमकं केलं काय? का नुसती भाषणं?

भाषणं तर होतीच, लांबलचक, पण कामं पण होती. गावच्या मुख्य लोकांचे वसुलीचे आणि वेठबिगारीचे हक्क काढले, डोईपट्टी बंद, जमीन सरकारच्या मालकीची. 1985 सालभर राहत्या घरांचं भाडं माफ करून टाकलं, म्हणजे भाडेकरू खूश आणि घरमालक डोक्याला हात लावून (ह्यातले सगळे घरमालक काय सावकार नव्हते, पेन्शनीवर एक खोली बांधून ती भाड्यानं दिलेली म्हातारी माणसं पण असणारच, मला हे धोरण जरा घाईचंच वाटतं).

सगळ्यात जबरदस्त म्हणजे लसीकरण. 1984 च्या अखेरीला काही आठवड्यांत गोवर, पीतज्वर आणि मेंदूज्वर ह्यांच्या लशी सुमारे 25 लाख पोरांना टोचल्या. बाहेरचे तज्ज्ञ म्हणत होते दमानं घ्या, ह्यानं ऐकलं नाही, गावोगावच्या समित्या, सैनिक, शिक्षक, सगळ्यांना जुंपलं. शिवाय वाळवंट पुढं सरकायलंय म्हणून लाखो झाडं, लग्न-बारसं काही असलं तरी झाड लावायचं, आणि मोकाट जनावरं, वणवे, वृक्षतोड ह्या तिघांविरुद्ध मोहीम. मोकाट जनावरांविरुद्धची मोहीम ऐकून आमच्या मंडळात सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या, खडेबाजारात रोज गाडी चालवणारे होते सगळे.

मर्सिडीज विकल्या ते खरं का नुसतं व्हॉट्सॲप?

खरं. सरकारी मर्सिडीजचा ताफा विकला आणि मंत्र्यांना रेनो 5 दिली, तिथं मिळणारी स्वस्तातली बारकी गाडी. स्वतःची मालमत्ता जाहीर केली, त्यात सायकली, गिटारी असलाच ऐवज होता. ऑफिसात एसी नको म्हणायचा. मंत्र्यांनी विमानात फर्स्ट क्लासनं जायचं बंद.

एक काका म्हणाले, "गाड्या विकून देश श्रीमंत होतोय होय?" नाही होत काका. पण ज्या सरकारचा बराचसा पैसा पगारावरच जातो तिथं पगारदारांना 'आवरा' म्हणायचं असेल तर आधी स्वतःच्या बुडाखालची गाडी काढावी लागते, नाहीतर कोण ऐकणार.

देशाचं नाव कशाला बदललं? काय नडलं होतं?

अप्पर व्होल्टा म्हणजे व्होल्टा नदीचा वरचा भाग, फ्रेंचांनी नकाशा बघून दिलेलं नाव. 4 ऑगस्ट 1984 ला, सत्तेला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, बुर्किना फासो केलं.

आता गंमत बघा. 'बुर्किना' हा मोरे भाषेतला शब्द, अर्थ ताठ मानेची, सचोटीची माणसं. 'फासो' द्युला भाषेतला, बापजाद्यांचा मुलूख. आणि तिथल्या माणसाला म्हणायचं 'बुर्किनाबे', त्यातला शेवटचा 'बे' फुलफुल्दे भाषेतला. एका नावात तीन भाषा! मोरे बोलणारे संख्येनं सगळ्यात जास्त, ते म्हणू शकले असते की आमचीच पाटी लावा. तसं झालं नाही. संकाराचं घराणं स्वतः मोसी आणि फुलानी अशा दोन जमातींच्या मिश्र वळणाचं, कदाचित त्यामुळं त्याला हे सुचलं असेल, हा माझा अंदाज.

मी हे सांगितल्यावर मंडळात दोन मिनिटं कोण बोललं नाही. आमच्या गल्लीत एका घरात मराठी, समोर कन्नड, कोपऱ्यावर उर्दू, आणि खानापूरच्या जंगलाकडं गेलं की कोंकणी. पाटीवरनं आपली डोकी किती तापतात ते सांगायला नको.

ते पुरुषांना बाजारात पाठवलं ती काय भानगड?

22 सप्टेंबर 1984. एक दिवस बायकांना सुट्टी, पिशवी घेऊन बाजारात जायचं पुरुषांनी आणि रांधायचं पण पुरुषांनी, म्हणजे भाव काय चाललाय ते कळेल. एका दिवसानं काय होतंय, पण निदान टोमॅटो किलोला कितीला हे तरी कळलं असेल. ह्याशिवाय मुलींची सुंता आणि जबरदस्तीची लग्नं ह्यांच्याविरुद्ध त्यानं जाहीरपणे भूमिका घेतली, बायकांना मंत्रिमंडळात आणि सैन्यात घेतलं, मोटरसायकलवरच्या बायकांचं रक्षक पथक पण होतं.

म्हणजे सगळं चांगलंच केलं? काही वाईट नाहीच?

आहे की. मार्च 1984 ला शिक्षकांच्या युनियननं संप केला, तर तेराशे-चौदाशे मास्तरांना एका फटक्यात कामावरनं काढलं. त्यांच्या जागी जी पोरं भरली त्यांना पुरतं ट्रेनिंग नव्हतं, नुकसान वर्गात बसलेल्या पोरांचं. एकीकडं साक्षरता मोहीम आणि एकीकडं हे. तोंड दाबतात म्हणून राजीनामा दिलेला माणूस स्वतः खुर्चीवर बसल्यावर संप सहन करू शकला नाही, ह्याला मी तरी माफी देत नाही.

11 जून 1984 ला सरकार उलथवायच्या कटाच्या आरोपावरनं सात जणांना गोळ्या घातल्या. 'जनतेची न्यायालयं' काढली, तिथं जुन्या भ्रष्ट मंत्र्यांचे खटले रेडिओवर लावायचे, लोक चवीनं ऐकायचे, पण आरोपीला धड वकील नाही. गल्लोगल्ली क्रांतीरक्षण समित्या होत्या, त्यातल्या काही पोरांनी हातात बंदूक आल्यावर जुनी भांडणं उकरून काढली. शेवटी शेवटी संकारानं स्वतः कबूल केलं की चुका झाल्यात आणि काढलेल्या काही मास्तरांना परत घ्यायचं सुरू केलं. उशीर झाला होता.

सीमेवरनं युद्ध झालं म्हणे, ते काय? (हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न)

येणारच. माली आणि बुर्किनाच्या मध्ये आगाशेर नावाचा पट्टा आहे, साधारण 160 किलोमीटर लांब आणि 30 रुंद. कोरडा, गुरं चारायचा, बेली नावाच्या ओढ्याचं पाणी तेवढं मोलाचं. दोन्हीकडच्या धनगरांना सीमा कुठाय ह्याच्याशी देणंघेणं नव्हतं, पाणी कुठाय ह्याच्याशी होतं. ह्या पट्ट्यावरनं 1974 ला एकदा चकमकी झाल्या, त्यात संकारा लेफ्टनंट म्हणून लढला आणि नाव पण मिळवलं, पण नंतर स्वतःच म्हणाला की ते युद्ध बिनकामाचं होतं. 1983 ला दोन्ही देशांनी ठरवून प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं. शहाणपणाचं काम, इथपर्यंत सगळं बरोबर.

मग डिसेंबर 1985. बुर्किनानं देशभर जनगणना काढली, 10 ते 20 डिसेंबर. गणती करणारे आगाशेरच्या वादातल्या खेड्यांत पण गेले. माली म्हणालं की ही आमची माणसं, ह्यांना तुम्ही तुमच्यात मोजायलाय, आणि सोबत सैनिक कशाला आणलेत. झालं. ऐन नाताळात, 25 डिसेंबरला, मालीचे रणगाडे आणि विमानं आली, वाहिगुया गावच्या बाजारावर बाँब पडले आणि साधी माणसं मेली. पाच दिवसांत, 30 डिसेंबरला, शेजारी देशांनी मध्ये पडून थांबवलं.

केस कोर्टात चालू असताना हे झालं, आणि निमित्त बंदूक नव्हती, वही-पेन होतं. हे आपल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडं शिरगणतीवाला दारात आला की आधी मातृभाषेच्या रकान्यात काय लिहितोय ते वाकून बघणारी माणसं आहेत, माझे वडील त्यातलेच, चष्मा लावून बघायचे. कारण गावात कुठली भाषा बोलणारे किती टक्के ह्या आकड्यांवरच सगळा वाद उभा आहे. तिथं पण रकाना हाच मुद्दा, फक्त भाषेच्या जागी देश. संकारा एवढा हुशार, एवढा बिनस्वार्थी, स्वतः त्याच पट्ट्यात लढलेला, आणि त्याला एवढं कळू नये की निकाल लागेपर्यंत तेवढी चार खेडी मोजायची ठेवून द्यावीत? माझ्या मते त्याच्या सगळ्या कारभारातली ही सगळ्यात मोठी चूक. मास्तरांचं प्रकरण रागातनं झालं, हे तर बेफिकिरीतनं.

मग कोर्टानं काय निकाल दिला? आपल्या केसला उपयोग होईल का?

22 डिसेंबर 1986 ला निकाल. पट्टा जवळजवळ निम्मा-निम्मा, पश्चिमेचा भाग मालीला, पूर्वेचा बुर्किनाला. संकारा आणि मालीचे मुसा त्राओरे दोघांनीही मान्य केला. युद्ध संपल्यापासनं वर्षाच्या आत निकाल लागला आणि तो मानला पण गेला, हे वाचताना मला खरंच हेवा वाटला.

आता उपयोगाचं. कोर्टानं कुणाची भाषा काय, लोकांना कुठं जायचंय, हे धरलंच नाही. धरलं ते एवढंच की स्वातंत्र्याच्या वेळी फ्रेंचांच्या कारभारातली हद्द कुठं होती. आफ्रिकेतल्या देशांनी 1964 लाच आपसात ठरवलं होतं की वसाहतीच्या हद्दी आहेत तशाच ठेवायच्या, नाहीतर रोज नवं भांडण. त्यामुळं सगळा खेळ जुने फ्रेंच नकाशे, हुकूम आणि पत्रं ह्यांच्यावर.

आपल्याकडची मागणी बरोबर उलटी, खेडं हा घटक धरा, भाषेची बहुसंख्या बघा, सलगता बघा, लोकांची इच्छा बघा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं 1967 च्या अहवालात 264 गावं महाराष्ट्राला आणि 247 कर्नाटकाला अशी शिफारस केली, बेळगाव कर्नाटकातच ठेवलं, महाराष्ट्रानं ते नाकारलं, आणि 2004 ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. शिवाय हे एका देशातल्या दोन राज्यांचं भांडण, ते दोन स्वतंत्र देशांचं. त्यामुळं 'आफ्रिकेत निकाल लागला मग आपला पण लागेल' असं कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि पुढं व्हा.

कर्ज फेडणार नाही म्हणाला तो हाच ना?

हाच. 29 जुलै 1987, अदिस अबाबा, आफ्रिकी देशांच्या प्रमुखांची बैठक. म्हणाला, हे कर्ज आपल्याला लुटणाऱ्यांनीच आपल्या गळ्यात मारलंय, नाही फेडलं तर सावकार मरणार नाहीत, फेडलं तर आपण नक्की मरणार. पण सगळ्यांनी मिळून नाही म्हणूया, कारण एकट्या बुर्किनानं नाही म्हटलं तर पुढच्या बैठकीला मी इथं नसेन. अडीच महिन्यांत खरंच नव्हता. ह्यावरनं 'कर्जवाल्यांनीच मारलं' असं धडाधड लिहितात लोक, तेवढं थेट कुणी सिद्ध केलेलं नाही.

मग मारलं कुणी? शिक्षा झाली का?

15 ऑक्टोबर 1987 ची दुपार, वागाडुगूतल्या सरकारी आवारात मीटिंग चालू असताना सैनिक घुसले. संकारा आणि त्याच्यासोबतचे बारा जण मेले. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं 'नैसर्गिक मृत्यू'! आणि गादीवर बसला कोण, तर तोच जिवलग दोस्त, काँपाओरे. तो सत्तावीस वर्षं हलला नाही. 2014 ला घटना बदलून आणखी राहायला बघत होता तेव्हा लोकांनी संसद पेटवली, आणि 31 ऑक्टोबरला पळाला. योगायोग म्हणजे दुसऱ्याच दिवशी, 1 नोव्हेंबर 2014 ला, इकडं बेळगावचं बेळगावी झालं.

खटला उभा राहायला 2021 उजाडलं. 6 एप्रिल 2022 ला काँपाओरेला जन्मठेप, पण तो आयव्हरी कोस्टमध्ये, त्यामुळं शिक्षा कागदावर. चौतीस वर्षं लागली. संकाराची बायको मारियम एवढी वर्षं कोर्टांच्या पायऱ्या झिजवत होती.

त्याचा पुतळा आहे का तिथं?

आहे, आणि त्याची पण गंमत झाली. 2019 ला मोठ्ठा ब्राँझचा उभा केला, तर लोक म्हणाले हा संकारासारखा दिसतच नाही, मग 2020 ला चेहरा सुधारून परत उद्घाटन. राजहंसगडावरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं 2023 ला तीन-चार दिवसांत दोनदा उद्घाटन झालेलं बघितलेल्या आपल्याला ह्यात नवल वाटायचं कारण नाही.

आत्ता तिथं जो लष्करी नेता आहे तो दुसरा संकारा का?

इब्राहिम त्राओरे. 2022 ला सत्ता घेतली, तोही कॅप्टन, तोही तिशीतला, आणि संकाराचं नाव सारखं घेतो. व्हिडिओ भरपूर फिरतात, त्यातले बरेच बनावट. देशात अतिरेक्यांच्या हल्ल्यांनी लाखो लोक घर सोडून पळालेत, आणि विरोधात बोलणारे पत्रकार-वकील उचलून आघाडीवर लढायला पाठवलेत. संकारासारखी लाल टोपी घातली म्हणून लगेच संकारा म्हणू नका.

'आफ्रिकेचा चे गव्हेरा' का म्हणतात?

दाढीशिवायचा. मरायच्या एक आठवडा आधी त्यानं चेच्या विसाव्या स्मृतीदिनाचं प्रदर्शन उघडलं होतं आणि म्हणाला होता की विचार मारता येत नाहीत. बाकी साम्य लोकांनी लावलेलं.

त्या कापडाबद्दल सांगा की. (हा प्रश्न आमच्या आईचा)

बुर्किनात कापूस भरपूर पिकतो, पण कच्चा बाहेर जायचा आणि परदेशातलं कापड परत यायचं. संकारानं सरकारी नोकरांना हुकूम काढला की देशी हातमागाचं घालायचं. स्वतः तेच घालून अदिस अबाबाच्या त्या कर्जाच्या भाषणाला उभा राहिला, म्हणाला कापूस आमचा, सूत आमचं, विणलेलं पण आमच्याच माणसांनी. नोकरदारांना हे झेपलं नाही, महाग पडायचं, मग स्वस्तातला एक सदरा ऑफिसात टांगून ठेवायचे आणि साहेब आला की वरनं चढवायचे, तसल्या कापडाला नावच पडलं 'संकारा आला'.

1924 ला गांधीजी बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष होते, 1937 ला हुदलीत येऊन राहिले, त्यामुळं खादी काय ते आपल्याला सांगायला नको, आणि वरनं खादी आतनं टेरिकॉट हे पण आपण बघितलंय. फरक एवढाच की गांधीजींकडं हुकूम काढायला सरकार नव्हतं.

आईला ह्या राजकारणात रस नव्हता. ती शहापुरी लुगड्यांच्या काळातली, तिनं पहिला प्रश्न विचारला, "पन्हा किती असतो?" मी फोटो दाखवला. जुन्या मागावर वीतभर रुंदीच्या पट्ट्या विणतात आणि एकाला एक शिवून मोठं कापड करतात, नाव फासो दान फानी, मुलखाचं विणलेलं कापड. आईनं चष्मा लावला, फोटो बोटानं मोठा केला आणि बराच वेळ शिवण कुठाय ते हुडकत बसली.